मैदान आणि मार्कशीट : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी नागपूर आणि आसपासच्या कॉलेजांतल्या खेळाडूंची, त्यांच्या घरच्यांची आणि शिक्षकांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून, पत्रं थोडक्यात करून उत्तरं देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे, कबड्डी खेळतो. सकाळी साडेपाच ते साडेसात रविनगरच्या मैदानावर सराव, संध्याकाळी पाच ते सात पुन्हा. कॉलेज साडेदहाचं. रात्री जेवून दहाला पुस्तक उघडतो, दोन पानं होत नाहीत तर डोळे मिटतात. मग चहा घेऊन एकपर्यंत बसतो. तरी मागच्या सेमिस्टरला दोन विषय निघाले नाहीत. अभ्यास तर करूनच राहिलो आहे, मग चुकते कुठे?
– मानेवाडा

मेहनतीत काही कमी नाही, घोळ घड्याळात आहे. एकला झोपून पावणेपाचला उठतोस, म्हणजे पावणेचार तास झोप. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं काम झोपेतच होतं, त्यामुळे झोप कापून केलेला अभ्यास एका हाताने लिहून दुसऱ्या हाताने पुसल्यासारखा होतो. वर रात्री अकराचा चहा. त्यातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास जातात. तू पावणेपाचला उठतोस तेव्हाही जवळपास अर्धा कप अंगात असतो.

आता सकाळ बघ. साडेसात ते साडेदहा हे तीन तास जातात कुठे? रविनगरहून मानेवाड्याला जायचं, आंघोळ, नाश्ता, ‘पाच मिनिटं पडतो’ म्हणून पाऊण तास झोप, की पुन्हा कॉलेजला धाव. ही घरची फेरी बंद कर. बॅगेत कपड्यांचा दुसरा जोड आणि डबा ठेव. मैदानावरून थेट कॉलेज, आठ-सव्वाआठपर्यंत आंघोळ-नाश्ता, साडेआठ ते दहा वाचनालय. चाळीस मिनिटं, मध्ये दहा मिनिटं पाय मोकळे, पुन्हा चाळीस. पहिल्या चाळीस मिनिटांत सगळ्यात जड विषय, आणि तो हाताने. कॉस्टिंगचं गणित सोडवलेलं बघायचं नाही, उत्तर झाकून स्वतः सोडवायचं. सुरुवातीची दहा मिनिटं काल केलेलं पुस्तक न उघडता कागदावर उतरवायचं. जे आठवत नाही तेवढंच पुन्हा वाचायचं. हे वाचण्यापेक्षा त्रासाचं वाटेल, पण परीक्षेत नेमकं हेच करायचं असतं.

रात्री जेवणानंतर फक्त अर्धा तास, तोही हलक्या कामाचा: वही पूर्ण करणं, एका वाक्यातले प्रश्न, उद्याची बॅग. पावणेदहाला दिवा बंद.

हिशोब करून पाहू. सकाळचे रोजचे ऐंशी मिनिटं, सहा दिवसांचे आठ तास. कॉलेजातल्या रिकाम्या तासिकांचे दोन. रात्रीचे तीन. रविवारी चार. एकूण सतरा. तुझे आत्ताचे दहा ते एक, सहा दिवस, म्हणजे अठरा. तास जवळपास तेवढेच राहिले, फक्त त्यांची जागा बदलली आणि झोप सात तासांवर आली.

अडेल कुठे तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात वाचनालयात डुलकी येईल. सरावानंतर तर्री-पोह्यांची दणकून प्लेट झाली तर येणारच. दोन-तीन पोळ्या, भाजी, उकडलेली अंडी किंवा दही, एक केळं एवढं पुरे. रात्री पावणेदहाला चार-पाच दिवस झोप लागणार नाही, तेव्हा पडून राहा, पण सकाळी उठायची वेळ हलवू नकोस. आणि मॅचच्या क्लिप्स बघायला मोबाईल वाचनालयात नेलास तर वरचा सगळा हिशोब विसर.

राहिलेल्या दोन विषयांसाठी गेल्या पाच परीक्षांचे पेपर घे आणि कुठल्या युनिटवर किती मार्कांचं येतं ते एका पानावर मांड. अभ्यास त्या पानाच्या क्रमाने कर, पुस्तकाच्या क्रमाने नको.

मी बी.एस्सी. तिसऱ्या सत्राला आहे, ४०० मीटर धावते. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर आधी कोचिंग कॅम्प आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा. मागच्या वर्षी परत आले तेव्हा केमिस्ट्रीच्या मॅडमनी जर्नलवर सही द्यायला नकार दिला. डीपीई सर (कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक) म्हणतात ‘काळजी करू नको’. मी करू की नको?
– सक्करदरा

कर, पण कॅम्पला जाण्याच्या आधी. काळजी किती करायची याचं गणित आहे.

पंधरा आठवड्यांचं सत्र, एका विषयाच्या आठवड्याला तीन तासिका, म्हणजे पंचेचाळीस. ७५ टक्के हजेरीला चौतीस लागतात, अकरा बुडल्या तर चालतात. बारा दिवसांचा कॅम्प आणि प्रवासासह नऊ दिवसांची स्पर्धा धर: तीन आठवडे, नऊ तासिका गेल्या. हाती राहिल्या दोन. थिअरीचं इथपर्यंत निभतं. प्रॅक्टिकल मात्र आठवड्यातून एकदा, सत्रात पंधरा. त्यातली बारा हवीत, तीनच बुडू शकतात, आणि ती तिन्ही स्पर्धेतच संपली. त्यानंतर एकदा ताप आला की सहीचा प्रश्न उभा. मॅडम आडमुठ्या नाहीत, त्यांच्यापुढचं रजिस्टरच तसं दिसतं.

म्हणून जाण्याआधीच्या आठवड्यात तीन गोष्टी. एक, प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्याच्या प्रती तुझ्या प्रत्येक विषयाच्या विभागप्रमुखांना. अर्जात ‘स्पर्धेसाठी बाहेर जात आहे’ एवढं लिहून भागत नाही. कॅम्पची पहिली तारीख, परतीच्या प्रवासाची शेवटची तारीख, त्या काळात बुडणारी प्रॅक्टिकल्स बॅचसह, आणि सोबत निवडपत्राची प्रत. बहुतेक अर्ज इथेच कच्चे पडतात. स्पर्धेच्या तारखा लिहितात, प्रवासाचे आणि कॅम्पचे दिवस सोडतात, आणि नेमके तेच दिवस गैरहजेरीत जमा होतात. आपल्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे.

दोन, ती तीन प्रॅक्टिकल्स दुसऱ्या बॅचबरोबर करता येतील का ते विचार. जमलं तर जाण्याआधी करणं सोपं. परत आल्यावर सेशनल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा), सबमिशन सगळं एकदम अंगावर येतं, आणि रसायनं व उपकरणं पुढच्या प्रयोगाची लावलेली असतात. ‘रीडिंग मैत्रिणीच्या वहीतून उतरव’ असा सल्ला देणारे भेटतील. तोंडी परीक्षेत टायट्रेशनचा एंडपॉइंट कसा ओळखला असं विचारलं की तो सल्ला उघडा पडतो.

तीन, नोट्ससाठी एक नाही, दोन मैत्रिणी ठरव. एक आजारी पडते, एकीचं अक्षर लागत नाही. रोजच्या रोज फोटो मागव. तीन आठवड्यांचे दोनशे फोटो एकदम आले की कोणी उघडत नाही.

परतल्यावर आठवड्याच्या आत सहभाग प्रमाणपत्राची प्रत त्याच अर्जाला जोडून दे. स्पर्धेचे दिवस हजेरीत धरायचे ते या कागदाच्या आधारावर. डीपीई सर चांगलेच असतील, पण तोंडी ‘काळजी करू नको’ हजेरीपटावर चढत नाही.

लहान भाऊ कबड्डीपटू. चार दिवसांपूर्वी सरावात पकडीच्या वेळी डोक्यावर डोकं आपटलं. शुद्ध गेली नाही, पण वाचायला बसला की डोकं दुखतं, चिडचिड करतो. सहा दिवसांवर पेपर आहे. बाबा म्हणतात, पेपर देऊन टाक, मग आराम कर. मोबाईलवर मात्र तासन् तास असतो, म्हणून बाबांना नाटक वाटतं.
– एक ताई, जरीपटका

ताई, हे नाटक नाही. शुद्ध न जाताही मेंदूला धक्का बसतो, त्याला कन्कशन म्हणतात, आणि वाचताना डोकं दुखणं, प्रकाश सहन न होणं, चिडचिड ही त्याची नेहमीची लक्षणं. अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आज दाखवा. वारंवार उलटी, झोपेतून जागं करणं कठीण होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, बोबडं बोलणं, हातापायात कमजोरी, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, फिट येणं, यातलं एकही दिसलं तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

पहिले एक-दोन दिवस तुलनेने आराम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवणं नव्हे. घरात-अंगणात हलकं चालणं चालतं. स्क्रीन मात्र त्या काळात शक्य तितकी कमी. ते दिवस आता उलटले आहेत, तरी मोबाईलने डोकं दुखत असेल तर तो कमीच ठेवा. पुढे अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी सुरू करायचा, कागदावरून, मोठ्या अक्षरात. डोकेदुखी किंचित वाढून तासाभरात खाली आली तर तुकडा थोडा वाढवा. जास्त वाढली तर त्या दिवशी तिथेच थांबा. सलग दोन तास बसवून ‘भरून काढणं’ हा यातला सगळ्यात महाग प्रयोग.

क्रम असा: आधी घरचा अभ्यास, मग अर्धा दिवस कॉलेज, मग पूर्ण कॉलेज, आणि पूर्ण पकडीचा सराव सगळ्यात शेवटी, डॉक्टरांच्या परवानगीने. घरोघरी हे उलटं होतं. डोकं दुखतं म्हणून पुस्तक बंद, पण संध्याकाळी ‘थोडं खेळून येतो’. पहिली जखम भरायच्या आत दुसरा फटका बसणं धोक्याचं आहे.

पेपरबद्दल: डॉक्टरांची चिठ्ठी आत्ता घ्या आणि परीक्षेआधी कॉलेजच्या परीक्षा विभागात द्या. तीन तास बसता येणार नाही असं दिसलं तर काय सोय होईल हे आधी विचारता येतं. निकाल लागल्यावर आणलेल्या चिठ्ठीला कोणी विचारत नाही.

हिवाळी परीक्षेचा एक पेपर आणि मुलीची व्हॉलीबॉल स्पर्धा एकाच दिवशी आली तर? दोघांपैकी काय सोडायचं?
– एक आई, नंदनवन

वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी स्पर्धेच्या तारखांशी ताडून पाहा. तारखा एकावर एक आल्या तर प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे अर्ज. सोबत निवडपत्र, स्पर्धेचं वेळापत्रक, हॉल तिकिटाची प्रत. उत्तर लेखीच मागा. ‘होऊन जाईल’ या भरवशावर रेल्वेत बसू नका.

लेखी होकार नाही आला तर निवड तुम्हालाच करायची आहे. आमचं मत स्पष्ट आहे. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा असेल तर जावं. तो विषय पुढच्या परीक्षेत काढता येतो, ती निवड पुढच्या वर्षी होईलच असं नाही. कुठल्या मंडळाची निमंत्रित स्पर्धा असेल, बक्षीस कितीही असो, पेपर द्यावा. मात्र जाण्याआधी एक मोजणी करा: आधीचे किती विषय बाकी आहेत आणि पुढच्या वर्षात जायला एटीकेटीत किती चालतात. हा पेपर धरून आकडा मर्यादेबाहेर जात असेल तर उत्तर बदलतं. वर्ष गेलं की नियमित विद्यार्थी म्हणून प्रवेश राहत नाही, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत नियमित, पूर्णवेळ प्रवेश असलेलाच विद्यार्थी खेळू शकतो. एका स्पर्धेसाठी पुढचा अख्खा मोसम घालवल्यासारखं होईल.

शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मग डिग्रीच्या मार्कांची एवढी चिंता कशाला?
– एक वडील, हिंगणा

कारण आरक्षण खेळाडूला आहे, पण पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता त्यानेही पूर्ण करावीच लागते. पदवी मागणाऱ्या पदासाठी बारावी पास पदकवाला चालत नाही.

दुसरं, प्रमाणपत्र फाईलला लावून भागत नाही, क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून त्याची पडताळणी होते. तिथे अडतं ते नावावर. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पूर्ण नाव, प्रमाणपत्रावर घरचं नाव किंवा चुकीचं स्पेलिंग. प्रमाणपत्र हातात पडताच तिथल्या तिथे वाचा आणि आयोजकांकडून दुरुस्त करून घ्या. दहा वर्षांनी ते आयोजक सापडत नाहीत. प्रवेशिकेची प्रत आणि निकालपत्रकही जपा. लॅमिनेशन करू नका, मागे शिक्का मारायची वेळ आली की पंचाईत होते.

नव्या शैक्षणिक धोरणात खेळाचे क्रेडिट मिळतात म्हणे. मग संघात असले की झाले?
– बी.ए. प्रथम वर्ष, कामठी

नाही झालं. सहअभ्यासक्रमात खेळाचा कोर्स असतो, तो सत्राच्या सुरुवातीला निवडून नोंदवावा लागतो आणि त्याचं मूल्यमापन व्हावं लागतं. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे पंधरा तास किंवा प्रात्यक्षिकाचे तीस तास. विद्यापीठाकडून खेळलास म्हणून ते आपोआप तुझ्या क्रेडिट बँकेत येऊन पडत नाहीत. आणि खेळाच्या दोन क्रेडिटने मुख्य विषयात राहिलेले चार भरून निघत नाहीत.

मी कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. खेळाडूंच्या अभ्यासासाठी काही व्यवस्था उभी करायची आहे. निधी शून्य. सुरुवात कुठून करू?
– उमरेड रोड

सर, वेळेपासून करा, तिला निधी लागत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था एनसीएए, तिच्या डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या गटात मोसमात आठवड्याला वीस तास, दिवसाला चार तास यापुढे सराव-सामने घेता येत नाहीत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. शिवाय पदवीच्या एकूण अभ्यासक्रमापैकी दुसऱ्या वर्षाअखेर ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के पूर्ण झालेला नसेल तर खेळाडू बाद. त्यांच्याकडे पैसा आणि वकील दोन्ही आहेत, आपण सगळं उचलायला नको. पण सकाळी दोन, संध्याकाळी दोन, सहा दिवस म्हटलं की आपल्याकडे चोवीस तास होतात, तेही प्रवास न धरता. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सोडल्या तर वीसवर येता. खेळ त्याने बसत नाही.

मग भिंतीवर एक तक्ता. जिमखान्याच्या दारात, जिथे बूट काढतात तिथे. डावीकडे कॅम्प, आंतरमहाविद्यालयीन, विभागीय स्पर्धा. उजवीकडे सेशनल, सबमिशन, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख आणि विलंब शुल्काची तारीख. खेळाडूंचं वर्ष अवघड पेपरपेक्षा न भरलेल्या फॉर्ममुळे जास्त वेळा अडतं, कारण फॉर्मची सूचना लागते तेव्हा संघ बाहेरगावी असतो. संघ निघायच्या आदल्या दिवशी उजवी बाजू मोठ्याने वाचून दाखवा.

तिसरं काम चिठ्ठीचं. सत्राच्या चौथ्या आणि नवव्या आठवड्यात प्रत्येक खेळाडूच्या हातून प्रत्येक विषयशिक्षकाकडे एक कागद जाऊ द्या, चारच रकान्यांचा: हजेरी किती, सेशनल दिली का, जर्नल कुठवर, कुठल्या युनिटवर मदत लागेल. नववा आठवडा उशिराचा वाटेल, पण चौथ्यात धोका दिसला आणि नवव्यात तसाच राहिला तर त्या मुलाचा सराव कमी करायला अजून सहा आठवडे हातात असतात. विद्यार्थ्याच्या हातून पाठवायचं कारण असं की एरवी तो शिक्षकाला वर्षभर भेटलेलाच नसतो.

जिमखान्यात अभ्यासिका काढू नका. कॅरम आणि टेबल टेनिसच्या आवाजात कोणी वाचत नाही. ग्रंथपालांशी बोलून वाचनालयाचं एक टेबल सकाळी साडेआठपासून खेळाडूंसाठी राखून घ्या. आणि प्रवेशाच्या वेळी ‘सोपे विषय घे’ हा सल्ला बंद करा. खेळाडू म्हणून सगळ्यांना एकाच विषयगटात ढकललं की कोणाची आवड आणि कोणाची पुढची नोकरी, दोन्हींचा विचार राहून जातो.

उन्हाळी परीक्षेच्या तीन आठवड्यांत सराव पूर्ण बंद करावा का? घरचे म्हणतात, बंद.
– अ‍ॅथलेटिक्स, मानकापूर

पूर्ण बंद नको. एकदम थांबलं की झोप बिघडते आणि महिन्यांची कमाई उतरते. प्रमाण निम्म्यावर आण, वेग तोच ठेव. सहा वेळा २०० मीटर मारत असशील तर तीन, पण त्याच टायमिंगला. दिवसाआड पंचेचाळीस मिनिटं, मे महिन्यात सकाळी सात वाजायच्या आत संपवून. सकाळचा पेपर असेल त्या दिवशी मैदानावर जायचंच नाही.

सरावाच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन कर. जेवढे किलो उतरले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत, थोडं थोडं, चिमूटभर मीठ आणि लिंबू घालून. वजनाच्या दोन टक्क्यांवर घाम गेला की लक्ष लागत नाही. साठ किलोच्या धावपटूला म्हणजे १ किलो २०० ग्रॅम, नागपूरच्या उन्हात तासाभरातही जातात. पेपरच्या हॉलमध्ये पारदर्शक बाटली चालते का ते आदल्या दिवशीच विचारून ठेव.